माझगावचं हिम

बाळांनो,

गेल्या रविवारी धाकटी विलायतेहून फोनवर म्हणाली की तिकडे आता दुपारी साडेतीनलाच दिवे लावावे लागतात, सकाळी खिडकीच्या काचेवर पांढरं काहीतरी साचलेलं असतं आणि दिवसभर उगाचच उदास वाटतं. मी म्हटलं, "स्वेटर घाल." फोनवर मला याहून चांगलं सुचत नाही. फोन ठेवला, चष्मा पुसला आणि कागद काढला. थोरल्याने हसू नये. आजी उत्तर द्यायला आठ दिवस घेते, पण नीट देते.

मी जन्मात कधी बर्फ पडताना पाहिलेला नाही. तरी अठराव्या शतकातल्या इंग्रजी कवितेतली उदासी आणि हिवाळा हा विषय मी बी. ए.ला अभ्यासला, पुढे पुष्कळ वर्षं शिकवलाही. तो मला शिकवला तुमच्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. मी त्यांना मामंजी म्हणत असे. आमचं घर गिरगावात, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि समोर सामाईक गॅलरी. मामंजी शाळेत इंग्रजीचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर ते कॉलेजच्या मुलांना घरी शिकवायचे. त्यांच्या नोट्स प्रसिद्ध होत्या. एकाने उतरवून घ्यायच्या, त्याच्याकडून दुसऱ्याने, असं करत त्या ठाकुरद्वारपासून दादरपर्यंत पोचल्या होत्या. छापायला त्यांनी कधी दिल्या नाहीत. ते म्हणत, "छापलं की मुलं वाचत नाहीत. हाताने उतरवलं की निदान एकदा तरी वाचावं लागतं."

लग्न झालं तेव्हा माझं इंटर झालं होतं. पुढे शिकायचं की नाही यावर घरात बोलणंच झालं नाही. मामंजींनी कॉलेजचा फॉर्म आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "इंग्रजी घे. बाकी विषयांत मला तुझी मदत करता येणार नाही."

त्या कवितांचं मला पहिल्यांदा फार नवल वाटलं. त्यातला माणूस आपल्या पायांनी संध्याकाळी स्मशानाकडे फिरायला जातो. पडक्या देवळाशी बसतो, घुबड ऐकतो, पिकली पानं पाहतो, आणि मग उदासीला हात जोडून म्हणतो की बाई, तू ये, माझ्याजवळ राहा. उदासीला ते देवी म्हणतात आणि तिचं नाव माणसाच्या नावासारखं मोठ्या अक्षराने लिहितात. मी मामंजींना विचारलं, "आपल्याकडे कुणी उदास असलं तर आपण त्याला चहा देतो, नाहीतर दृष्ट काढतो. हे लोक तिला बोलावतात कशाला?"

मामंजी खूश झाले. असा प्रश्न आला की ते आधी उपरणं सारखं करत.

"तू गौरी आणतेस ना? पावलं काढतेस, उंबऱ्यावर थांबवतेस, ये म्हणतेस. दुसऱ्या दिवशी जेवू घालतेस. तसंच आहे हे. दुःख म्हणजे दार फोडून शिरणारा माणूस. उदासी ही आवतण देऊन आणलेली पाहुणी. ती आली की माणूस जरा शांत होतो, स्वतःकडे बघतो."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी पाठवायची. बरा कवी शेवटच्या कडव्यात तिला पाठवतो. ज्याला पाठवता येत नाही, त्याची कविता लांबते."

हे उत्तर मी परीक्षेत लिहिलं नाही, पण त्यानंतर मला त्या कविता कळायला लागल्या.

हिवाळ्याचं प्रकरण मात्र कठीण होतं. आपल्याकडे थंडी ही मजेची गोष्ट. गॅलरीत शाल पांघरून उन्हाला बसायचं, बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, गाजरं स्वस्त. त्यांच्याकडे हिवाळा म्हणजे म्हातारा, चिडका राजा. तो येतो आणि वाटा बुजवतो, पाखरं मारतो, गरिबाला घरात कोंडतो. आणि कवी शेकोटीशी बसून बाहेरच्या वादळाकडे बघत मरणाचा विचार करतो. त्या कवितांत बर्फ दोन तऱ्हांचा असतो. एक आभाळातून भुरभुरणारा. दुसरा पहाटे छपरांवर, गवतावर, काचेवर दिसणारा बारीक पांढरा थर. या दुसऱ्याला इंग्रजीत फ्रॉस्ट म्हणतात, मामंजी हिम म्हणायचे. त्यांच्या नोट्समध्ये एक वाक्य होतं, ते सगळ्या गिरगावाला पाठ होतं. हिम हा अत्यंत बारीक बर्फ असून तो रात्री आभाळातून न कळत पडतो, तशीच उदासी वरून, दैवाकडून, माणसाच्या मनावर न कळत पडते, त्यात माणसाचा दोष नसतो. बर्फाच्या गोळेवाल्याच्या रंध्याखाली जो भुगा जमतो, तो बोटाने दाखवून ते मुलांना सांगत, "याच्याहून बारीक."

मी डिसेंबरात निबंध लिहिला आणि ते वाक्य विश्वासाने त्यात घातलं. कॉलेजातल्या आमच्या बाई दोन वर्षं विलायतेत राहून आल्या होत्या. त्यांनी निबंध परत दिला तेव्हा त्या वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात लिहिलं होतं की हिम पडत नाही. वर्गात त्या म्हणाल्या, "गिरगावातल्या तिन्ही मुलींनी हिम आभाळातून पाडलं आहे. तुमच्याकडे काही खास व्यवस्था आहे का?"

वर्ग हसला. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत बसलो.

एरवी मी घरी येऊन मामंजींना हा किस्सा सांगितला असता आणि ते माझ्याआधी हसले असते. पण तो हिवाळा निराळा होता. माझ्या सासूबाई आदल्या आषाढात गेल्या होत्या. त्या वर्षी घरात सण नव्हते, गौरी आल्या नव्हत्या. मामंजी सासूबाईंची शाल पांघरून दिवसभर गॅलरीत बसत. शिकायला येणाऱ्या मुलांना त्यांनी हळूहळू नको म्हणून सांगितलं होतं. त्यांचा डावा डोळा मोतीबिंदू जास्त पिकून आधीच गेला होता. उजव्यातही मोतीबिंदू पिकला होता, उजेड आणि माणसाचा आकार एवढंच दिसायचं. परळच्या इस्पितळातले डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, "ऑपरेशन थंडीतच करायचं, म्हणजे जखम भरते. फेब्रुवारी संपायच्या आत आणा. पुढच्या थंडीची वाट पाहिली तर हाही डोळा हातचा जाईल."

जानेवारीतली तारीख मिळाली. पण त्याच आठवड्यात मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही ही बातमी रेडिओवर आली आणि शहर पेटलं. गिरगावात अश्रुधूर, लालबाग-परळला गोळीबार, सगळीकडे कर्फ्यू. तुमचे आजोबा कचेरी सुटली की मोर्चात जायचे. चार दिवस ते आणि मी खिडकीच्या फटीतून रिकामा रस्ता बघत होतो, आणि मामंजी डोळ्यांना ओलं फडकं लावून आतल्या खोलीत बसले होते. इस्पितळाची तारीख त्यातच निघून गेली.

कर्फ्यू उठल्यावर तुमचे आजोबा म्हणाले, "नाना, मी उद्या परळला जाऊन नवी तारीख आणतो."

"नको," मामंजी म्हणाले.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. तिथे जखमी पोरं पडलीत, त्यांना खाट मिळू दे. आणि मला आता बघायचं काय राहिलंय? जे बघायचं ते बघून झालं."

तुमच्या आजोबांनी आवाज चढवला, मग उतरवला, मग शेजारच्या काकांना बोलवून आणलं. काका स्वभावाने फटकळ. ते म्हणाले, "मास्तर, इंग्रजांना घालवलं आपण, आणि तुम्ही त्यांचा हिवाळा अजून पांघरून बसलाय."

"इंग्रज गेले, हिवाळा राहिला," मामंजी म्हणाले. "तो काही त्यांचा नोकर नव्हता." पूर्वी हे बोलताना ते हसले असते. त्या दिवशी त्यांनी नुसती शाल वर ओढली.

त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "तुझ्या निबंधावर बाईंनी काय शेरा दिला? वाचून दाखव."

निबंध माझ्या हातात होता. लाल रेघ मला दिसत होती, त्यांना दिसत नव्हती. या माणसाकडे आता बायको नाही, विद्यार्थी नाहीत, डोळे नाहीत, फक्त नोट्स आहेत, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "छान आहे, असं लिहिलंय."

"बस्स?"

"हो. छान आहे, एवढंच."

मी निबंध ट्रंकेच्या तळाशी ठेवला. मी वह्या विषयवार ठेवणारी मुलगी. तो एकच कागद मी चुकीच्या जागी ठेवला, म्हणून ती ट्रंक उघडताना मला प्रत्येक वेळी टोचत राहिला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मामंजींचा एक जुना विद्यार्थी तिळगूळ घेऊन आला. कर्फ्यूमुळे उशीर झाला, पण रथसप्तमी व्हायची होती, तेव्हा चालण्यासारखं होतं. हे गृहस्थ लालबागला राहायचे, मूळ मालवणकडचे, चाळिशी ओलांडलेले. शाळेत मामंजींच्या वर्गात असताना मॅट्रिकला इंग्रजीतच नापास झाले आणि माझगावला गोदीजवळ बर्फाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. तरी दर संक्रांतीला आणि दसऱ्याला ते न चुकता येत. पास झालेले कितीतरी विद्यार्थी यायचे बंद झाले होते.

मामंजींच्या पाया पडून ते खाली सतरंजीवर बसले. खुर्ची दिली तरी बसत नसत.

"मास्तरांनू, तुमी त्या थंडीच्या कविता शिकवलास ना, तां माझ्या डोक्यात कधी शिराक नाय. आणि आता देवाची करणी बघा. उभो दिवस थंडीतच काढतंय. ज्या विषयात आपटलंय, त्याच्यावरच पोट भरतंय."

"तुझ्या कारखान्यात हिम असतं का रे?" मामंजींनी सहज विचारलं.

"असता म्हणजे? पायपांवर बोटभर जाड. पांढरा फेक. विलायतेत काय असात तसा. येवा एकदा, दाखवतंय."

मामंजी बरेच महिने खांदे पाडून बसलेले असायचे. तेव्हा ते किंचित पुढे झुकलेले मी पाहिले. पण लगेच मागे टेकले आणि म्हणाले, "आता काय बघणार मी."

फिटर गेल्यावर मी तुमच्या आजोबांना म्हटलं, "मामंजींना मी त्या कारखान्यात घेऊन जाते."

"आणि तिथे त्यांना कळलं की आपण आयुष्यभर चूक शिकवली, तर? तूच तर तो शेरा लपवलास."

"लपवला, म्हणूनच."

"आहे तेवढं तरी राहू दे गं त्यांच्याकडे."

आजोबांचं चूक नव्हतं. मलाही तीच भीती होती. पण मामंजी कुठल्याही गोष्टीसाठी पुढे झुकले होते ते सहा महिन्यांत पहिल्यांदा. फेब्रुवारी संपायला तीन आठवडे होते. मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. सकाळी त्यांचं धुतलेलं धोतर आणि कोट काढून ठेवला आणि म्हटलं, "मामंजी, गुरुवारी दुपारी माझा तास नाही. माझगावला जाऊ या."

"कशाला?"

"माझ्या परीक्षेसाठी. मी हिम पाहिलेलं नाही आणि एकटी कारखान्यात कशी जाऊ?"

सुनेच्या परीक्षेला ते नाही म्हणू शकत नसत. हे मला ठाऊक होतं, त्याचा मी फायदा घेतला.

ट्रामने भायखळ्यापर्यंत गेलो, पुढे घोडागाडी केली. गोदीच्या भिंतीला लागून तो कारखाना होता. दारात भुशाचा ढीग, गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या हातगाडीवर चढत होत्या, आणि आत शिरताच डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास. मामंजी ठेचकाळले आणि म्हणाले, "हा वास मात्र एकाही कवितेत नाही." फिटर दारातच उभे होते, त्या दिवशी त्यांनी स्वच्छ सदरा घातला होता. साहेबांची परवानगी काढून ठेवली होती, आणि शेजारच्या दोन कामगारांना "माझे मास्तर" म्हणून सांगून ठेवलं होतं. त्या दोघांनीही नमस्कार केला.

मोठ्या टाक्यांत मिठाचं पाणी, त्यात लाद्यांचे डबे बुडवलेले, आणि भिंतीलगत वर जाणारे माझ्या दंडाएवढे जाड पाइप. त्यांच्यावर ते होतं. मी तोंडाला पदर लावून नुसती बघत राहिले. कापसासारखं वाटत होतं, पण कापूस नव्हे. जवळून बघितलं तर एकेक कण उभा होता, सुईसारखा, आणि सुईला पुन्हा बारीक काटे.

फिटरने मामंजींचा हात धरून त्यांना पाइपाशी उभं केलं. मामंजींनी मान वर करून छताकडे पाहिलं. वर पत्रा होता.

"हे पडतं कुठून?" त्यांनी विचारलं.

फिटरना यातलं काहीच माहीत नव्हतं, ते हसले.

"पडता खंयसून, मास्तरांनू? वर पत्रो आसा. ह्यां पडणा नाय, धरता. हवेत ओल असता ना, हय गोदीची, आमच्या घामाची, भिजल्या फरशीची. पाइप थंड पडलो, की तीच ओल येवन त्याच्यावर धरता. बाहेरसून कोण आणून घालना नाय. घरातलीच ती."

"आभाळातून नाही?"

"नाय ओ. आभाळाक काय पडलेला आसा हय."

यंत्राचा धडधडाट चालू होता. मला वाटलं आता मामंजी म्हणतील, घरी चल. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि तळवा त्या पाइपावर सबंध टेकवला. फिटर म्हणाले, "जास्त वेळ नको मास्तरांनू, कातडी चिकटता." त्यांनी हात काढला. पांढऱ्यात त्यांच्या पंजाची जागा ओली, काळी दिसत होती, पाचही बोटं.

"गेलं?" त्यांनी मला विचारलं.

"हात लागला तिथलं गेलं."

"आणि बाकीचं कसं आहे? नीट सांग. मला नुसतं पांढरं दिसतंय."

मी सांगायला लागले. सुया आहेत, त्यांना काटे आहेत, काही एकमेकींत अडकल्या आहेत. मला धड सांगता येईना. फिटर मदतीला आले. "पापलेटाचो काटो कसो असता बारीक, तसो," ते म्हणाले. "नाय, त्याच्याहून नाजूक." मामंजी चेहरा पाइपाच्या इतका जवळ नेत होते की मी त्यांचा कोट धरून ठेवला. त्यांच्या श्वासाने समोरच्या सुया मऊ होऊन वितळत होत्या. ते दुसऱ्या जागी जात, तिथेही तेच होई. ज्याच्याजवळ जाऊन बघायचं, तेच नाहीसं होत होतं, आणि लांबून त्यांना दिसत नव्हतं.

शेवटी ते सरळ उभे राहिले. "इतकं बारीक काम," ते म्हणाले, "आणि मी गोळेवाल्याचा भुगा दाखवत बसलो."

परतताना भायखळ्याला ट्राम पकडली. ट्राम सुटल्यावर मामंजी रस्त्याकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "तुझ्या बाईंनी खरा शेरा काय दिला होता?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "हिम पडत नाही, असा," मी म्हटलं.

"वाटलंच. नुसतं छान आहे असं लिहायला ती बाई विलायतेला कशाला जाईल?"

"मामंजी, मी मुद्दाम..."

"ते कळलं मला. त्या दिवशी तू वाचून दाखवताना पान उलटल्याचा आवाज आला नाही. सात पानांचा निबंध, आणि शेरा पहिल्या पानावर?" मग म्हणाले, "किती मुलांनी ते वाक्य उतरवलं असेल गं?"

"पुष्कळ."

"दादरपर्यंत गेलंय ते." पुढचा स्टॉप येईपर्यंत ते मनाशी काहीतरी जुळवत होते. "आणि पुढचं वाक्यसुद्धा गेलं. उदासी वरून पडते, आपला दोष नाही. मी सहा महिने त्याच वाक्याखाली बसलो होतो." मग माझ्याकडे वळून, एखादी अगदी व्यवहारातली गोष्ट विचारावी तसं म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले होते, थंडी किती दिवस उरलीय?"

"फेब्रुवारी संपेपर्यंत."

"मग त्याला सांग, उद्याच परळला जा म्हणावं. चुकीच्या नोट्स मागे ठेवून आंधळं व्हायचं, हे बरं नाही. आणि ते काटे मला बघायचे आहेत."

ऑपरेशन झालं. तेव्हाचं ऑपरेशन आजच्यासारखं नव्हतं. दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि आठ दिवस उताणं, हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. खाटेशी दुपारी मी बसायची. त्यांनी पहिल्याच दिवशी मला वही आणायला सांगितली आणि ओठ फार न हलवता नोट्स सांगायला सुरुवात केली. हिम पडत नाही. ते घरच्याच हवेतली ओल घेऊन थंड पडलेल्या वस्तूवर धरतं. तशीच उदासी. म्हणून जे थंड पडलं आहे ते शोधावं. इथे ते थांबले. मी पेन धरून बसले होते.

"पुढे?"

"पुढे काय लिहायचं ते अजून ठरत नाही. तुझ्या सासूबाईंची शाल घरी कुठे ठेवलीस?"

"तुमच्या उशाशी."

"धुऊन ठेव. गौरींना लागेल. यंदा वर्ष संपतंय."

मी म्हटलं, "मामंजी, तिसऱ्या दिवशी पाठवायचीही असते."

पट्टीखाली त्यांचा चेहरा हलला. नर्स पलीकडून ओरडली, "आजोबा, हसू नका म्हणून सांगितलंय ना." मामंजी म्हणाले, "मी हसत नाही सिस्टर, माझी सून मला शिकवतेय."

पट्टी काढायच्या दिवशी तुमचे आजोबा आणि मी दोघंही होतो. डॉक्टरांनी समोर बोटं धरली आणि मामंजींनी ती बरोबर मोजली. मग जाड भिंगाचा चष्मा आला. तो लावल्यावर त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसायचा, आणि त्यांनाही आम्ही मोठे दिसायचो. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून ते म्हणाले, "अगं, तू वाळलीस." पुढचे चार दिवस मामंजींच्या हुकमाने तुमच्या आजोबांना पानात माझ्यापेक्षा कमी तूप मिळालं.

माझ्या परीक्षेत हिवाळ्यावरचा प्रश्न आला. मी हिम धरतं असं लिहिलं आणि पाइप मात्र लिहिला नाही. चैत्रात, घामाच्या धारा लागलेल्या एका दुपारी, आम्ही पुन्हा माझगावला गेलो. मामंजी पाइपासमोर हातभर अंतर ठेवून उभे राहिले, श्वासाने वितळू नये म्हणून तोंडावर रुमाल धरला, आणि बराच वेळ बघत राहिले. फिटर त्यांच्यामागे हात बांधून उभे होते. मामंजी मागे न वळता म्हणाले, "तू नापास झालास तो माझा दोष रे. तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं."

"असू दे मास्तरांनू," फिटर म्हणाले, "पास झालो असतो तर हय कोण भेटता तुमका."

नव्या नोट्स त्या वर्षी पुन्हा गिरगावभर उतरवल्या गेल्या. जुन्याही कुठेकुठे चालूच राहिल्या. पुढे मी शिकवायला लागल्यावर एकदा दादरच्या एका मुलीच्या उत्तरात हिम आभाळातून न कळत पडलेलं मला सापडलं. मी लाल रेघ मारली नाही. तिला बोलवून घेतलं आणि माझगावला बर्फाचा कारखाना कुठे आहे ते सांगितलं.

धाकटे, तुझ्या काचेवर जे साचतं ते हेच. ते बाहेरच्या बाजूने आहे की आतल्या, ते आधी बघ, म्हणजे ओल कुठली ते कळेल. थोरल्याचं तिकिटं बघायचं भिंग मागून घे, त्याने बघितलंस तर काटे दिसतील, फार जवळ तोंड नेऊ नकोस. बघून झालं की तळवा टेकव आणि काय दिसतं ते मला कळव. पत्राने कळव, फोनवर मला सुचत नाही.

तुमची,
आजी